त्या २० जणांचं पुढे काय झालं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पत्र थोडं लांबणारे हे आधीच सांगते, आणि विषय व्हिडिओ गेमचा आहे. पेपरात नाटक, सिनेमा, पुस्तकं यांच्यावर लोक किती बारकाईने लिहितात, कुठला प्रवेश रेंगाळला, शेवट कुठे फसला, कुठल्या पात्रावर अन्याय झाला, सगळं येतं. गेमवर काही आलं की मात्र एकतर मुलांचं व्यसन, नाहीतर कुठल्या कंपनीचा किती धंदा झाला. कधीमधी कुणी कौतुकाने लिहिलंच तर ते "जबरदस्त ग्राफिक्स, अंगावर काटा आणणारं वातावरण" इथेच थांबतं. मला एका गेमबद्दल तक्रार करायचीये. गेम मला मनापासून आवडलाय, तीनदा खेळून झालाय, म्हणूनच ती तक्रार नीट मांडावीशी वाटतेय.

गेमचं नाव 'इनसाइड'. डेन्मार्कमध्ये कोपनहेगनला प्लेडेड नावाचा स्टुडिओ आहे, त्यांचा. त्यांनीच २०१० साली 'लिम्बो' काढला होता, काळापांढरा, एक पोरगा जंगलातून चाललाय आणि भलामोठा कोळी मागे लागलाय, तो बऱ्याच जणांनी खेळला असेल. त्यानंतर सहा वर्षांनी, २०१६ च्या जूनअखेर 'इनसाइड' आला, आधी एक्सबॉक्स वन या गेमच्या मशीनवर, मग कॉम्प्युटरवर, मग बाकीच्या मशीनवर. २०१७ च्या ब्रिटनच्या बाफ्टा गेम पुरस्कारांत त्याला ४ बक्षिसं मिळाली आणि त्यातलं एक कथनाचं होतं. ज्या गेममध्ये सुरुवातीपासून शेवटपर्यंत एक शब्द बोलला जात नाही, एक ओळ लिहून येत नाही, त्याला कथनाचं बक्षीस. हे लक्षात असू द्या, माझी सगळी तक्रार तिथेच येऊन पोचते.

ज्यांनी खेळला नाहीये त्यांच्यासाठी थोडक्यात. लाल शर्टातला एक लहान मुलगा, त्याला चेहरा असा नाहीच, रात्रीच्या जंगलात एका उतारावरून घसरत खाली येतो आणि उजवीकडे चालायला लागतो. आपण त्याला उजवीकडे न्यायचं, एवढंच. चालणं, उडी मारणं आणि पकडणं, याच्यापलीकडे काही येत नाही त्याला. मागे मुखवटे घातलेली माणसं, बॅटऱ्यांचे झोत, कुत्रे. ट्रकमध्ये माणसं भरून कुठेतरी नेतायत. पुढे शेत लागतं, मग रिकामं शहर, मग पाण्याखाली बुडालेले कारखाने, मग प्रयोगशाळा. वाटेत अडथळे येतात आणि त्यातले बरेचसे कोडी असतात, पेटी कुठे सरकवायची, दोर कधी सोडायचा, दार बंद व्हायच्या आत पलीकडे कसं जायचं. तीन-चार तासांत संपतो. गोष्ट उघड करणार आहे पुढे, ज्यांना खेळायचाय त्यांनी पत्र इथेच ठेवून आधी खेळून यावं, खरंच.

यातलं एक दृश्य मला आयुष्यभर पुरेल. एका ठिकाणी मुलगा माणसांच्या रांगेतच जाऊन पडतो. ही माणसं म्हणजे मान खाली, हात लोंबकळते, डोक्यात स्वतःचं काही उरलेलं नाही अशी, कुणीतरी चालवतंय म्हणून चालतायत. रांग चार पावलं पुढे जाते, थांबते, एकदम सगळे जागच्या जागी उडी मारतात, सगळे मागे वळतात, परत पुढे बघतात, आणि हे सगळं तपासायला पहारा आहे. आपण त्यांच्यासारखंच करायचं. अर्ध्या क्षणाचा उशीर झाला तर पकडले गेलो. मी पहिल्यांदा खेळले तेव्हा श्वास धरून बसले होते, आणि त्या मुलाच्या चालण्यात एक गोष्ट दिसली ती अजून डोळ्यांसमोर आहे, बाकीच्यांचं थांबणं ढिलं आहे, मेल्यासारखं, आणि हा मात्र थांबताना जरासा कचरतो. जिवंत आहे ना तो. कुणी सांगायला लागत नाही. एवढ्या छोट्या हालचालीतून अख्खी राजवट समजते, याला मी कथन म्हणते आणि या पाच मिनिटांसाठी ते बक्षीस योग्यच होतं.

आवाजाचंही सांगितलंच पाहिजे. गेमचं ध्वनिसंयोजन करणाऱ्या मार्टिन स्टिग अँडरसन यांनी त्याच्या आवाजासाठी खरी मानवी कवटी वापरली, म्हणजे आवाज त्या हाडातून जाऊ दिला आणि हाडातून जो बाहेर आला तो रेकॉर्ड केला. आपला स्वतःचा आवाज आपल्याला आतून जसा ऐकू येतो तसा काहीतरी तो लागतो. पुढे एक जागा आहे जिथे दर थोड्या वेळाने प्रचंड हादरा येतो, लोखंडी आडोशामागे नसलात तर शरीराच्या चिंध्या होतात, तिथे तुम्ही मेलात तरी हादऱ्याचा ताल थांबत नाही, मुलगा परत उभा राहतो आणि ताल आपला चालूच असतो. मला हे फार आवडलं. त्या जगाला तुमच्या मरण्याचं काही पडलेलं नाहीये हे त्यातून कळतं.

तर आता तक्रार.

गेममध्ये एक हेल्मेट आहे, वरून वायरला लटकलेलं. मुलगा उडी मारून त्यात डोकं घालतो आणि लोंबकळत राहतो, आणि मग खाली पडलेलं एखादं ते रिकामं शरीर उठतं आणि आपण त्याला चालवायला लागतो. पहिल्यांदा हे होतं तेव्हा पोटात कालवतं, कारण आत्ताच आपण हेच दुसऱ्या कुणालातरी करताना बघितलेलं असतं. पुढे अशी माणसं वाढत जातात. एके ठिकाणी एक दार आहे, ते उघडायला खालच्या पाट्यावर २० जण उभे राहावे लागतात. मग काय, शोधायचे. इथे दोन, तिथे एक, कुणी पिंजऱ्यात, कुणी वर अडकलेला, सगळे आपल्यामागून शेळ्यांसारखे येतात, आकडा भरला की दार उघडतं.

मी हे माझ्या भाचीसमोर खेळत होते. ती अकरावीत आहे, तिला गेम फारसे आवडत नाहीत, शेजारी बसून अभ्यास करत होती आणि मधूनमधून बघत होती. दार उघडलं, मी पुढे गेले. ती म्हणाली, "आत्या, त्या वीस जणांचं पुढे काय झालं?"

मी म्हटलं, "माहीत नाही, गेम सांगत नाही."

"पण तू त्यांना सोडवलंस ना?"

सोडवलं नव्हतं, वापरलं होतं. आणि तिने विचारेपर्यंत माझ्या हे डोक्यातही आलं नव्हतं, कारण गेमने मला तो विचार करायला जागाच ठेवली नव्हती, तिथे माझ्या डोक्यात फक्त सतरा, अठरा, एकोणीस चाललं होतं. त्या पाट्यावर माणसांच्या जागी २० पोती असती तरी कोडं तंतोतंत तेच राहिलं असतं. माझी तक्रार हीच आहे. हा गेम माणसांचं वजन कसं केलं जातं हे दाखवायला निघाला, आणि कोडी बनवायला बसल्यावर त्यानेही त्यांचं वजनच केलं.

यावर मला नेहमी एक उत्तर मिळतं आणि ते उत्तर हुशार आहे, म्हणून ते टाळत नाही. म्हणतात की अहो तेच तर सांगायचंय, तुम्ही ज्याच्याविरुद्ध पळताय तेच तुम्ही करताय, आणि तो मुलगा तरी कुठे मोकळा आहे, त्यालाही तुम्हीच चालवताय ना कंट्रोलर हातात घेऊन. गेममध्ये याचा पुरावाही आहे. ठिकठिकाणी दिव्यांचे गोळे लपवलेले आहेत, ते सगळे शोधून त्यांच्या वायरी उपटल्या की सुरुवातीच्या मक्याच्या शेताखालच्या एका तळघरातली वाट मोकळी होते, आत एक मोठा प्लग आहे, मुलगा तो ओढून काढतो, सगळं अंधारतं, आणि मुलगा स्वतःच मान टाकून त्या रिकाम्या माणसांसारखा उभा राहतो. खेळ संपला. मी हा शेवट काढला, रात्री दीड वाजता, आणि हातातला कंट्रोलर खाली ठेवावासा वाटला, इतका तो भिनला.

पण नंतर विचार करत गेले तसं ते उत्तर पुरेनासं झालं. एक म्हणजे गेमचा सगळ्यात महत्त्वाचा विचार तुम्ही तळघरात लपवलात, जिथे कोपरान् कोपरा चाटून काढणाराच पोचणार, बाकीचे लोक तो न बघताच गेम बंद करून झोपायला जाणार. आणि दुसरं जास्त महत्त्वाचं. त्या शेवटातून एवढंच कळतं की मुलाला कोण चालवतं. आपणच. बरं, मग त्या २० जणांचं काय? ते तिथेच. "तू दोषी आहेस" असं मला सांगण्यासाठी गेमने त्यांना एकदा वापरलं आणि दार उघडण्यासाठी मी एकदा वापरलं, दोन्ही वेळेला ते वस्तूच राहिले. आणि दोषी तरी कशी? मला दुसरं काही करता येत होतं का? त्यांना न नेता पलीकडे जायचा रस्ता नाही, त्यांना परत आणायचं म्हटलं तर बटण नाही, नुसतं थांबून राहिले तर काही घडत नाही. एकच दार आणि एकच किल्ली देऊन वर किल्ली फिरवल्याचा ठपका माझ्यावर ठेवायचा, हे मला पटत नाही. निवड दिली असती, ती अवघड असती, वीस जणांना बाहेर काढायला अर्धा तास जास्त लागला असता आणि मी कंटाळून त्यांना तिथेच टाकून गेले असते, तर तो दोष माझा होता आणि तो मला झोंबला असता.

असं करता येतं का? येतं, आणि ते 'इनसाइड'च्या १९ वर्षं आधी झालेलं आहे. १९९७ साली प्लेस्टेशनवर 'ऑडवर्ल्ड: एब्ज ऑडिसी' आला होता. तोही असाच बाजूने दिसणारा, अंधारा, मरणाने भरलेला कोड्यांचा गेम. एब नावाचा एक गुलाम, मांसाच्या कारखान्यात फरशी पुसणारा, त्याला एके दिवशी कळतं की मालकांचा पुढचा माल म्हणजे आपलीच जमात आहे, आणि तो पळतो. कारखान्यात त्याचे ९९ भाऊबंद आहेत. त्यांना घेऊन जायचं की नाही हे तुमच्यावर आहे, एकट्याने पळून जाता येतं, गेम अडवत नाही. पण प्रत्येकाशी बोलावं लागतं, आधी हॅलो म्हणायचं, मग चल म्हणायचं, थांब म्हणायचं, तो मागे येतो, चालत्या यंत्राखाली चुकीच्या वेळी बोलावलं की तो तुमच्या हाकेला ओ देऊन येतो आणि चिरडला जातो. तुमच्या हाकेमुळे. शेवटी हिशेब होतो, निदान ५० जण वाचवले नसतील तर एबला कुणी वाचवायला येत नाही. आता मला सांगा, माणूस दार उघडायचं वजन नाही हे कुठल्या गेमने जास्त नीट सांगितलं.

त्याच गेममध्ये दुसऱ्याच्या शरीराचा ताबा घेणंही आहे बरं का. एब मंत्र म्हणतो आणि समोरच्याच्या आत शिरतो. पण ज्याचा ताबा घेता येतो तो पहारेकरी असतो, बंदूकवाला. आणि मंत्र म्हणताना एब स्वतः उघडा पडतो, तेवढ्यात दुसऱ्या कुणी बघितलं तर मेलाच. म्हणजे ताबा घ्यायचा तो वरच्याचा, आणि घेताना जीव धोक्यात घालायचा. 'इनसाइड'मध्ये ताबा घ्यायचा तो सगळ्यात खाली पडलेल्याचा, आणि त्याची झळ मुलाला अशी काही लागतच नाही. हा फरक मला बटणांचा वाटत नाही, ही त्या दोन गेमची नियत आहे असं वाटतं. 'इनसाइड' बनवणाऱ्यांनी कदाचित मुद्दाम उलट केलं असेल, पण उलट केल्यावर त्याची किंमत कुणीतरी मोजताना दिसायला हवी होती ना.

त्याच्याही आधीचं एक उदाहरण देते, ते न बोलता कसं साधतं यासाठी. १९९१ चा 'अनदर वर्ल्ड', एरिक शाही या फ्रेंच माणसाने जवळजवळ एकट्याने केलेला. एक शास्त्रज्ञ प्रयोग फसून भलत्याच जगात जाऊन पडतो, तुरुंगात टांगलेल्या पिंजऱ्यात जाग येते, आणि शेजारी त्या जगातला एक कैदी. भाषा एक नाही, काही समजत नाही. दोघं मिळून पिंजरा झुलवतात, तो तुटतो, आणि तिथून पुढे तो परका कधी दार उघडून देतो, कधी पुढे पळतो, कधी अडचणीत सापडतो. त्याच्यावर आपला ताबा नाहीच. शेवटी आपला माणूस जबर मार खाऊन जमिनीवर सरपटत असतो आणि तो परका येऊन त्याला उचलतो, उडणाऱ्या प्राण्याच्या पाठीवर घालतो आणि घेऊन जातो. शब्द एक नाही तिथेही, आणि तरी आपल्याला माहितीये की यांचं काय नातं आहे. म्हणजे मूकपणा ही 'इनसाइड'ची अडचण नव्हतीच. त्या मूकपणात समोरच्या माणसाला माणूस ठेवायचं की नाही, हा प्रश्न होता.

मरणाचंही तसंच झालंय. 'लिम्बो'च्या वेळेला या लोकांनी स्वतःच आपल्या पद्धतीला 'चुका आणि मरा' अशा अर्थाचं नाव दिलं होतं, म्हणजे मरूनच कळणार की सापळा कुठे आहे. 'इनसाइड'मध्ये ते थोडं मवाळ झालंय, पण आहे. पहिल्यांदा कुत्र्याने मुलाची मान धरली आणि ते शरीर झटक्यासरशी ढिलं पडलं तेव्हा मी कंट्रोलर टेबलावर ठेवला होता. दुसऱ्यांदा वाईट वाटलं. सहाव्यांदा त्याच कुत्र्याने त्याच जागी पकडलं तेव्हा मी त्या दोन-तीन सेकंदांत मोबाईल बघत होते. लहान मुलाचं मरण बघताना मी मोबाईल बघत होते, संपादक साहेब, आणि मी काही दगड नाहीये. गेम तुम्हाला मरणाच्या काही पावलं मागे परत उभं करतो, काही गमवावं लागत नाही, सापळा पाठ झाला की पुढे. मग ते मरण हळूहळू ट्रॅफिक सिग्नल होतं, थांबायचं आणि निघायचं. हादऱ्याच्या जागी त्यांनी ताल चालू ठेवून हे किती सुंदर सोडवलं होतं, तोच विचार बाकी ठिकाणी का नाही केला याचं मला खरंच वाईट वाटतं.

कोड्यांबद्दल फार लिहीत नाही, एवढंच की ती सोपी आहेत आणि ती सोपी आहेत याला माझी हरकत नाही. हरकत याला आहे की शिकलेलं काही पुढे उपयोगी पडत नाही. शेतात पिवळी पिल्लं मुलाच्या मागे मागे येतात, त्यांना यंत्रातून फुंकून वरचा गवताचा भारा पाडायचा, झालं, पिल्लं गेली. अंगावर धावून येणारं डुक्कर आहे, त्याच्या मागे लोंबणारा किडा उपटला की ते शांत होतं आणि त्याच्यावर पाय देऊन वर चढायचं, झालं. पाणबुडी मिळते, झकास चालते, ती पण सुटते. पाण्याखाली लांब केसांची ती बाई की मुलगी की काय म्हणायचं ते, जी प्रकाशाला घाबरते, तिच्यापासून पळण्यात जीव जातो अक्षरशः, आणि मग एकदा ती मुलाला खोल ओढून नेते, त्याला काहीतरी जोडते, आणि त्यानंतर तो पाण्यात श्वास घेऊ शकतो. किती मोठी गोष्ट आहे ही! जिला आपण मारेकरी समजत होतो तिने दिलं काहीतरी. पण पुढे गेमला तिचीही आठवण राहत नाही. हे सगळं एकमेकांत मिसळलं असतं, आधीच्या माणसाने किंवा प्राण्याने दिलेलं पुढच्या अडचणीत आठवावं लागलं असतं, तर वाटेत भेटलेले सगळे आपोआप लक्षात राहिले असते. भाचीचा प्रश्न पडलाच नसता.

आणि ही राजवट कुणाची आहे? मुखवटेवाले कोण, ती माणसं रिकामी का केली, कुणाच्या फायद्यासाठी? मला सगळं समजावून सांगा असं म्हणत नाहीये, उलट गूढ राहिलेलं मला आवडतं. पण अन्यायाला कुणीतरी करणारा लागतो, नुसतं धुकं आणि काँक्रीट नाही चालत. २०१७ साली 'ब्लॅक द फॉल' नावाचा गेम आला, रोमानियातल्या एका छोट्या गटाचा, दिसायला बराचसा 'इनसाइड'सारखा, म्हणून लोकांनी त्याला नक्कल म्हणून बाजूला टाकलं. हाताळायला तो कच्चा आहे, हे खरं. त्यातही एका यंत्राने दुसऱ्या कामगारांवर प्रकाशाचा ठिपका टाकून त्यांना कामाला लावायचं असतं, म्हणजे हाच दोष तिथेही आहेच. पण तिथला काळोख कुठून आलाय ते कळतं, तो त्या देशाने १९८९ पर्यंत सोसलेल्या कम्युनिस्ट राजवटीतून आलाय, तिथल्या भिंतींवर, सायकल मारत बसलेल्या मजुरांवर ते लिहिलेलं आहे. 'इनसाइड'मधला काळोख जास्त देखणा आहे आणि कुणाचाच नाही.

मूळ शेवटाबद्दल बोलले नाही तर अन्याय होईल. प्रयोगशाळेत एका मोठ्या टाकीत हातापायांचा एक गोळा असतो, कित्येक माणसं एकत्र वितळवून केल्यासारखा. मुलगा त्याच्या अंगाला लावलेली यंत्रं सोडवतो आणि तो गोळा मुलालाच आत ओढून घेतो. मग आपण तो गोळा. भिंती फोडत, काचा फोडत, ओरडत, कण्हत, हात फुटेल तिकडे पकडत धावतो. त्याची हालचाल कुणी कशी बसवली असेल देव जाणे, वजन जाणवतं बोटांना. सगळ्या गेममध्ये ही एकच जागा आहे जिथे ती माणसं वापरली जात नाहीयेत, ती स्वतः पळतायत, सगळी मिळून. आणि शेवटी भिंत फोडून बाहेर पडतात, डोंगरउतारावरून गडगडत खाली येतात आणि समुद्राकाठी एका उजेडाच्या तुकड्यात पडून राहतात. पण त्या किनाऱ्याची हुबेहूब छोटी प्रतिकृती, वरच्या उजेडासकट, आपण आधीच प्रयोगशाळेत बघितलेली असते. म्हणजे सुटका पण त्यांनीच आखलेली होती की काय, अशी शंका ठेवून पडदा. मी तेव्हा टाळ्या वाजवल्या असत्या. तिसऱ्यांदा खेळताना मात्र राग आला, कारण शेवटी एकदा ती माणसं स्वतःची झाली होती आणि गेमने तेही काढून घेतलं, आणि बदल्यात आपल्याला दिलं काय तर रात्रभर चर्चा करायला एक कोडं. त्या गोळ्यात ते २० जण होते का? असते तरी मला ओळखता आले नसते.

संपादक साहेब, विनंती एवढीच आहे की पुढच्या वेळी आपल्याकडे कुणी गेमवर लिहिलं तर त्यांना सांगा की नाटकावर लिहिता तसं लिहा. वातावरण कसं होतं ते लिहाच, पण माझ्या हातून त्या गेमने काय करून घेतलं आणि ज्यांच्या बाबतीत करून घेतलं त्यांच्याकडे नंतर बघितलं का, हेही लिहा. गेम आवडला असेल तरी लिहा, आवडला असेल तर जास्तच लिहा.

भाचीला मी 'एब्ज ऑडिसी' लावून दिलाय. जुना आहे, चित्रं खरबरीत, कंट्रोल आडमुठे, मधेच हवं तिथे सेव्ह करता येत नाही, आणि तिला गेम आवडत नाहीत हे मी वर लिहिलंच आहे. परवा तिच्या हाकेने एकजण यंत्राखाली आला. तिने काही न बोलता तो सगळा भाग मागून परत सुरू केला, काल रात्री जेवण गार होईपर्यंत तिथेच होती, आणि मी बोलवायला गेले तर म्हणाली, "थांब गं आत्या, हा एकटाच राहिलाय."

आपली,
एक नियमित वाचक